दप्तरातली मुकी घंटा

मुलांनो, गुराखी रानात गुरं चारायला नेतो तेव्हा एखाद्या चुकार गाईच्या गळ्यात घंटा बांधतो, ती कशासाठी, ठाऊक आहे ना? गाय झुडपाआड गेली, ओढ्यात उतरली, तरी घंटा वाजत राहते आणि गुराखी बरोबर तिथं पोचतो. शहरातल्या मुलांनी ही घंटा कदाचित ऐकली नसेल. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मात्र ती मधल्या सुट्टीत रोज ऐकू येते. या घंटेची एक गोष्ट मला फार आवडते. ती गुराख्याला ऐकू येते, तशी गाईलाही येते आणि रस्त्यानं जाणाऱ्या तुम्हा-आम्हालाही येते. लपवाछपवीचा मामला नाही.

आज मी जिच्याबद्दल सांगणार आहे ती मात्र मुकी घंटा आहे. तिला म्हणतात 'ब्लूटूथ टॅग'. तुमच्यापैकी काहींच्या घरी किल्ल्यांना तो लावलेलाही असेल. ॲपल कंपनीचा एअरटॅग घ्या. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, ८ मिलिमीटर जाड, वजन अवघं ११ ग्रॅम. पोटात एक चपटा सेल, मोटारीच्या रिमोटमध्ये असतो तसला. तो वर्षभर पुरतो. हा टॅग २०२१ च्या एप्रिलमध्ये बाजारात आला. सॅमसंगचा टॅग त्याच वर्षी जानेवारीत आला होता आणि अमेरिकेतली टाइल नावाची कंपनी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून असे टॅग विकत होती. किल्ल्या हरवतात, विमानतळावर बॅग भलतीकडेच जाते, म्हणून लोकांनी ते आवडीनं घेतले.

(जाता जाता एक गंमत. 'ब्लूटूथ' म्हणजे निळा दात! दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता, त्याचं हे टोपणनाव. त्यानं वेगवेगळ्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी ही बिनतारी यंत्रणा वेगवेगळी यंत्रं जोडते, म्हणून तिला त्याचं नाव.)

आता हा टॅग काम कसा करतो ते बघा. पुष्कळांना वाटतं, तो थेट उपग्रहाशी बोलतो. तसं नाही. तो फक्त थोड्या थोड्या वेळानं रेडिओलहरींतून हळूच म्हणतो, "मी इथं आहे, मी इथं आहे." त्याची हाक साधारण दहा मीटरपर्यंत पोचते. म्हणजे वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग साताऱ्यातला टॅग मुंबईत बसलेल्या मालकाला कसा सापडतो? इथंच खरी युक्ती आहे. टॅगजवळून जो कोणी आयफोनवाला जाईल, त्याचा फोन ही हाक ऐकतो आणि 'अमुक ठिकाणी अमुक टॅगची हाक ऐकली' असा निरोप इंटरनेटवरून पाठवून देतो. निरोप कुलूपबंद असतो. त्याची किल्ली फक्त टॅगच्या मालकाकडे. पोस्टमनला जसं बंद पाकिटातलं पत्र वाचता येत नाही, तसं त्या आयफोनवाल्याला यातलं काहीच कळत नाही. २०२४ पासून गूगलनंही अँड्रॉइड फोनांचं असंच जाळं सुरू केलं आहे. लाखो अनोळखी माणसं तुमची किल्ली शोधायला मदत करतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो! मला तर हे फारच हुशारीचं वाटतं.

पण जो टॅग किल्लीला लावता येतो, तो दुसऱ्याच्या खिशातही टाकता येतो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या यॉर्क भागातल्या पोलिसांनी लोकांना सावध केलं. चोर महागड्या मोटारींवर एअरटॅग लपवत होते आणि रात्री मालकाच्या दारातून त्या पळवत होते. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका नामांकित मॉडेलच्या ओव्हरकोटाच्या खिशात कोणीतरी एअरटॅग टाकला. ती रात्री एकटी चालत घरी निघाली असताना तिच्या फोननंच तिला सांगितलं, की एक अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरतो आहे.

हे सगळं वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा, 'तिकडचं काहीतरी' म्हणून मी पान उलटलं होतं. मग आमची सहल निघाली.

२०२५ चा जानेवारी महिना. चौथीला शिवाजीमहाराजांचा इतिहास, त्यामुळे सहल प्रतापगडाला. एसटीची एक गाडी, एकेचाळीस मुलं, आमचे गुरुजी आणि मी. गड पाहून झाला, भवानीमातेचं दर्शन झालं, डबे खाऊन झाले आणि परतीच्या वाटेवर महाबळेश्वरच्या बाजारात थोडं थांबून आम्ही पुन्हा गाडीत बसलो. मुलं गाण्याच्या भेंड्या लावत होती. मी मुलं मोजली आणि सवयीनं फोन बघितला. त्यावर सूचना होती : एक अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर प्रवास करतो आहे. खाली नकाशा. त्यावर लाल ठिपके आणि ठिपक्यांना जोडणारी रेघ. आमच्या शाळेपासून गडापर्यंत आणि गडापासून त्या बाजारापर्यंत.

मुलांनो, खरं सांगते, हातपाय गार पडले. एकेचाळीस मुलं घेऊन मी घाटात आहे आणि गाडी कुठं आहे हे कोणालातरी माहीत आहे. कोणाला? माझ्या पर्समध्ये कोणी काही टाकलं की काय? की एखाद्या मुलाच्या दप्तरात? गुरुजींना हळूच फोन दाखवला. ते म्हणाले, "बाई, आधी गाडी हलवायची नाही." ड्रायव्हरकाकांनी गाडी बाजूला घेतली.

त्या सूचनेतच 'आवाज वाजवा' असं एक बटण असतं. ते दाबलं की टॅग चिवचिवतो आणि आपण आवाज वाजवला हे त्याच्या मालकाला कळत नाही. पण भेंड्यांच्या गोंगाटात चिवचिव ऐकू यायची कशी? मी मुलांना म्हटलं, "आता आपण एक खेळ खेळू या. सगळे गप्प. गाडीत एक पाखरू लपलंय, ते कुठं ओरडतंय ते शोधायचं." क्षणात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! बटण दाबलं. पाचव्या बाकावरून बारीक आवाज आला. एका मुलीची बॅग. खाऊ काढला, पाण्याची बाटली काढली, काहीच नाही. शेवटी तळाचा पुठ्ठा उचलला, तर त्याखाली चिकटपट्टीनं पक्का लावलेला पांढरा टॅग.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "बाई, हे माझं नाही."

टॅग फोनच्या पाठीशी टेकवला की फोनवर एक पान उघडतं. त्यावर टॅगचा अनुक्रमांक असतो आणि मालकाच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे. माझ्या पिशवीत सहलीची संमतिपत्रं होतीच, प्रत्येकावर पालकांचा फोन नंबर. मी त्या मुलीचं पत्र काढलं. चारही आकडे जुळले. टॅग तिच्या वडिलांचा होता.

मी मोठा श्वास सोडला. गुरुजी तर चक्क हसले. आम्हाला वाटलं, संपलं प्रकरण. मागं एक पोरगा ओरडला, "बाई, हा तर बहिर्जी नाईक निघाला!" सगळी गाडी हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, म्हणजे मी रोज शाळा सुटल्यावर कुठं थांबते ते पप्पांना माहितीये?"

ती थांबायची कुठं, तर पडक्या गोठ्यात कुत्रीनं पिल्लं दिली होती, तिथं. डब्यातली अर्धी पोळी तिथं जायची. वाईट काहीच नव्हतं. पण ती तिची गुपित जागा होती आणि आता ती तशी राहिली नव्हती. माझी भीती टॅगचा मालक कळल्यावर संपली, तिचं दुःख तिथून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. बाजारपेठेत त्यांचं दुकान आहे. भला माणूस. म्हणाले, "बाई, उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यानं पळतात. पोरगी वेळेवर घरी आली नाही की जीव उडतो. सांगितलं असतं तर तिनं तो काढून ठेवला असता." त्यांची काळजी मला समजते. मलाही एक मुलगा आहे आणि त्या ट्रॉल्या मीही रोज बघते. पण मी त्यांना म्हटलं, "काळजी करा, टॅगही ठेवा, पण तिला सांगून ठेवा. आज तिला सापडलेला टॅग तिच्या बापाचा निघाला. उद्या दुसऱ्या कोणाचा सापडला, तर 'पप्पांनीच ठेवला असेल' म्हणून ती गप्प बसेल." हे त्यांना पटलं. तिला पटायला मात्र जास्त दिवस लागले. आठवडाभर ती वडिलांशी धड बोलली नाही. आता तो टॅग बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात असतो आणि पिल्लांकडे जायचं असलं की ती आधी घरी सांगते. कधी कधी वडीलच बिस्किटाचा पुडा देतात.

तेव्हापासून शाळेतली मुलं मला सारखी प्रश्न विचारतात. एकानं विचारलं, "बाई, आपल्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं की टॅगला आपण सापडणार नाही ना?" उलट आहे. टॅग तुमच्या फोनवर अवलंबूनच नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनांना हाका मारतो. तुमच्या फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन बंद असलं तर एवढंच होईल, की तुमच्या फोनलाच त्याची हाक ऐकू येणार नाही. आईबाबांच्या फोनवर ही सूचना येण्याची सोय चालू आहे का, ते मात्र बघा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा आणि आणीबाणीच्या भागात अनोळखी ट्रॅकरचा पर्याय असतो. हवं तेव्हा आपण होऊन शोधही घेता येतो. आयफोनला एअरटॅगची सूचना पहिल्यापासून मिळायची. २०२४ च्या मे महिन्यापासून ॲपल आणि गूगल यांनी मिळून एकच पद्धत ठरवली, त्यामुळे ती पद्धत पाळणारा टॅग कोणत्याही कंपनीचा असो, दोन्ही तऱ्हेचे फोन सावध करतात.

"आणि ज्याच्या घरी साधाच फोन आहे त्यानं काय करायचं?" हा प्रश्न मागच्या बाकावरचा, आणि मला तो सगळ्यांत चांगला वाटला. एअरटॅग मालकापासून बराच वेळ दूर राहिला की हलवल्यावर आपण होऊन वाजतो. सुरुवातीला त्याला तीन दिवस लागायचे. २०२१ च्या जूनमध्ये ॲपलनं ती वेळ ८ ते २४ तासांवर आणली. म्हणून दप्तरातून, सायकलच्या सीटखालून अनोळखी चिवचिव आली तर दुर्लक्ष करू नका. पण काही लबाड माणसं त्यातला आवाजच बंद पाडतात, तेव्हा नुसत्या कानांवर विसंबून चालणार नाही, हातानंही चाचपायला हवं. तळाचा पुठ्ठा, अस्तर, जर्किनचे आतले खिसे, बाहुलीचं पोट, सायकलची सीट. अनोळखी माणसानं दिलेली कीचेन किंवा खेळणं तर घ्यायचंच नाही, हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे.

सूचना आली म्हणजे दर वेळी चोरच असतो असंही नाही. एसटीत शेजारी बसलेल्याच्या बॅगेतला टॅग असू शकतो, मैत्रिणीकडून आणलेल्या बॅगेतला असू शकतो. पण टॅग सापडला आणि तो कोणाचा ते कळेना, तर एकट्यानं शोधाशोध करत बसू नका आणि एकटे घरीही जाऊ नका, कारण घर कुठं आहे तेच तर समोरच्याला हवं असतं. जिथं माणसं आहेत तिथं थांबा, दुकानात, शाळेत, पोलीस चौकीत, आणि मोठ्या माणसाला सांगा. पोलिसांसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर पाठच करा.

पालकांसाठी दोन शब्द. रागाच्या भरात टॅग नाल्यात फेकू नका, तो पुरावा आहे. फोटो काढा, अनुक्रमांक लिहून घ्या. त्या अनुक्रमांकावरून पोलीस कंपनीकडे कायदेशीर मागणी करून मालकापर्यंत पोचू शकतात. सेल काढला की टॅग बंद पडतो. एअरटॅगची चकचकीत बाजू दाबून डावीकडे फिरवली की झाकण निघतं. पण तो बंद पडल्याचा संशय मालकालाही येऊ शकतो, तेव्हा धोका वाटत असेल तर आधी पोलिसांना कळवा. स्त्रीच्या मनाविरुद्ध पुरुषानं तिचा वारंवार पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. 'किरकोळ बाब आहे' असं कोणी म्हणालं तर हे कलम दाखवा.

आणि हो, काढलेला तो चपटा सेल टेबलावर तसाच ठेवू नका. रांगणारं भावंडं गोळी समजून तोंडात घालतं आणि गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजून काढतो. कोणी गिळला असं नुसतं वाटलं, तरी वाट न बघता थेट दवाखान्यात न्यायचं.