जॉबरचा कान

यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, किती तयारीचा आहे, हे त्याच्या पान्यापेक्षा कानावरून कळतं. चोवीस माग एकदम चालू असतात. प्रत्येक मागावर धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि दर फेकीला पिकरचा दणका बसतो. नवखा माणूस आत आला की कानांवर हात ठेवतो. जॉबर दारात चहाचा पेला घेऊन निवांत उभा असतो आणि मध्येच त्याची मान वळते. कोपऱ्यातल्या एखाद्या मागाचा पट्टा सैल झालेला असतो, नाहीतर धोटा पेटीत नीट बसत नसतो. त्याने तिकडे पाहिलेलं नसतं. आवाज बदललेला असतो, एवढंच. सगळे माग बरे चालत असतात तोवर त्याला काही ऐकूच येत नाही.

इचलकरंजीत माझी हयात या कामात गेली. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग आणला, आणि माझ्या लहानपणापर्यंत गल्लीत राहतं घर कुठलं आणि कारखाना कुठला हे सांगणं कठीण झालं होतं. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना रात्री झोप लागत नसे. आम्हाला जाग यायची ती वीज गेल्यावर, माग थांबल्यावर.

कानात आवाज नेमका कधी सुरू झाला हे मला सांगता येत नाही. मागांच्या आवाजाखाली तो झाकलेला असणार. काम सोडल्यावर, दुपारी जेवून आडवा झालो असताना तो उघडा पडला. किर्रर्र, रातकिड्यांचा असतो तसा, दोन्ही कानांत सारखा. या पहिल्या आवाजाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमच्या धंद्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे कान वाजतात आणि कोणी त्याची गोष्ट करत नाही. काही महिने वैताग आला, मग तो मागे पडला. कोणी विचारलं तरच आठवायचा.

खरी परीक्षा दुसऱ्या आवाजाने घेतली. एका पावसाळ्यात किर्रर्रच्या वरून एक बारीक शिट्टी सुरू झाली. सरळ, न थांबणारी. ती ओळखीची होते न होते तोच खालच्या पट्टीत एक घुंऽऽ आलं. इतकं खरं, की मी रात्री उठून पाण्याची मोटर चालू राहिली का ते पाहून आलो. मग शिट्टी चार दिवस गायब. आणि ती नाही म्हणून मी तिला शोधतोय! त्यानंतर आलेली तऱ्हा आणखी वेगळी होती: नळ सोडला, कोणी ताटं आपटली, की त्या आवाजाबरोबर आतलाही चढायचा. नळ बंद केला तरी लगेच उतरायचा नाही.

ज्याचे कान वाजत नाहीत त्याला वाटतं, एकाची सवय झाली तर दुसऱ्याची व्हायला काय हरकत आहे. तसं होत नाही. जुना आवाज कितीही मोठा असला तरी त्याच्याबद्दलचे प्रश्न संपलेले असतात. नव्या आवाजाबरोबर सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. हा राहणार की जाणार? कशाने आला? काल डोकेदुखीची गोळी घेतली त्याने? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, हा आला तर आणखी किती येतील? यातल्या एकाही प्रश्नाला डेसिबल नसतात, पण रात्री दोन वाजता आवाजापेक्षा तेच जास्त ऐकू येतात.

मिरज आमच्यासाठी दवाखान्यांचं गाव. तिथे एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे मुलगा घेऊन गेला. बंद खोलीत बसवून, हेडफोन लावून तपासणी झाली. कागदावर रेघ बरी चालली होती आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात गेली. "मागावर होता का?" बाईंनी कागद बघूनच विचारलं. त्या भागातल्या किती कानांचे कागद त्यांनी पाहिले असतील! मोठ्या आवाजाने कान गेला की पहिला खड्डा बहुधा तिथेच पडतो. आतल्या शंखासारख्या नळीत पंधरा हजारांच्या आसपास केसपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. शंभर डेसिबलमध्ये उघड्या कानाने पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, अशी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. आमची पाळी बारा तासांची.

पण मला पटायला जड गेली ती दुसरी गोष्ट. बाईंनी मशीनमधून एकेक स्वर ऐकवत माझ्या शिट्टीच्या जवळचा स्वर शोधला आणि मग तिच्याइतका मोठा होईपर्यंत तो वाढवत नेला. माझ्या कानाला त्या पट्टीत जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा ती शिट्टी फक्त थोड्या डेसिबलने वर निघाली. मला राग आला. माझी झोप उडवणारी गोष्ट एवढीशी कशी असेल? त्या म्हणाल्या, बहुतेकांची एवढीच भरते. कानातून यायचं ते येईनासं झालं की मेंदू आपल्याकडची पट्टी वाढवतो आणि त्यात स्वतःचीच खरखर ऐकू लागतो. ती एका ठरावीक सुरात राहील असं कोणी सांगितलंय? झोप कमी झाली, सर्दीने कान दडले, मान आखडली, चिंता असली, की ती बदलते. मला त्यांनी जबडा घट्ट आवळायला सांगितला. शिट्टी वर गेली. मान डावीकडे ताणली, तर घुंऽऽ जाड झालं. कित्येकांचं असं होतं म्हणे. मला त्या प्रकाराने फार बरं वाटलं. आत काही नवीन मोडलेलं नाही, तोच आवाज दाब बदलला की वेगळा होतो, हे मी स्वतःच्या हाताने करून पाहिलं होतं. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

तरी प्रत्येक बदलाकडे काणाडोळा करायचा नाही, हेही त्यांनी बजावलं. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडू लागला, एकाच कानात आला आणि तिथेच मुक्काम ठोकला, सोबत गरगरू लागलं, तर दाखवायला यायचं. आणि एक कान अचानक बंद झाल्यासारखा वाटला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं, कारण त्यावरच्या औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त असतो. नवं औषध सुरू झालं असेल तर त्याचं नाव सांगायचं. आमच्या वडिलांना हिवतापात क्विनाइन दिलं की कान गुणगुणायचे, ते आठवलं. अ‍ॅस्पिरिन जास्त झाली तरी तेच होतं. एखादे वेळी एकाच कानात एकदम सूंऽऽ होतं आणि मिनिटाच्या आत विरून जातं, ते मात्र कोणालाही होतं, त्याला मोजायचं नाही.

म्हणजे माझं काम सोपं झालं असं कोणालाही वाटेल. ठरलेली लक्षणं असली तर मिरजेची गाडी धरायची, नसली तर सोडून द्यायचं. पण सोडून द्यायचं हेच तर जॉबरला येत नाही. बदललेल्या आवाजाकडे मान वळली नाही, तर संध्याकाळपर्यंत कापडाचा तागा खराब होतो आणि शेठ पगारातून कापतो. अशी हयात काढलेला कान आता डोक्याच्या आत पहारा देत होता. कुठे काही बदललं की पाना घेऊन निघायचा. दुरुस्त करायला तिथे माग नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा धंदा कुठलाही असता तरी मेंदूने हेच केलं असतं. पावेल यास्त्रेबॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये अशीच मांडणी केली होती. आवाज कुठून येतो याला त्याने दुय्यम जागा दिली. मेंदूने त्याला धोका मानलं की नाही, यावर त्रास ठरतो. धोका मानलेली गोष्ट मेंदू मागे पडू देत नाही. त्यामुळे नव्या आवाजाला हुसकून लावायला जाणं म्हणजे त्याच्या नावाची नोंद पक्की करणं. बिनकामाचा आहे हे मेंदूला आपलं आपण कळू द्यायचं, आणि त्याला वेळ लागतो. मला हे पुस्तकी वाटलं असतं, पण पहिल्या किर्रर्रचं नेमकं हेच झालेलं मी पाहिलं होतं. त्या वेळी मी काही केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणूनच झालं असावं.

दवाखान्याच्या बाकावर एक निवृत्त बँकवाले भेटले. त्यांच्याकडे वही होती. रोज सकाळ, दुपार, रात्र: आवाज कुठला, किती, डावा की उजवा, त्या दिवशी काय खाल्लं. अक्षर मोत्यासारखं, रकाने पट्टीने आखलेले. मी विचारलं, यातून काही निघालं का? "अजून नाही," ते म्हणाले, "पण बदलतो हे नक्की." मला हसू आवरलं नाही, आणि त्या भल्या माणसालाही आलं. दिवसातून तीनदा आवाजाला हाक मारून तू आहेस ना विचारलं, तर तो नाही कशाला म्हणेल? बाईंनी त्यांना वही बंद करायला सांगितल्याचं नंतर कळलं. ती बंद करणं त्यांना आवाजापेक्षा जड जात होतं.

शेजारच्या अण्णांचं म्हणणं निराळं. ते ध्यानाला बसतात. मी नशीबवान आहे, हा अनाहत नाद आहे, लोक त्याच्यासाठी जन्म घालवतात, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. थट्टा करायचा मोह झाला, पण त्यांनी हठयोगप्रदीपिका आणून दिली आणि मी वाचली. नादानुसंधानात ऐकू येणारे आवाज तिथे क्रमाने दिले आहेत: आधी समुद्र, मेघ, भेरी, मग शंख, घंटा, मग किंकिणी, बासरी, वीणा, भुंगा. म्हणजे आवाज बदलत जातो आणि साधकाने मोठ्याकडून सूक्ष्माकडे जायचं. आयुर्वेदवाल्यांनीही कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असे दोन रोग वेगळे धरले. भेरी, मृदंग, शंख पहिल्यात, बासरीसारखा दुसऱ्यात. एकाच यादीत एकाला साधना दिसते, दुसऱ्याला रोग. माझा कल वैद्यांकडे आहे. योगी पाहिजे तेव्हा उठून जेवायला जातो. पण अण्णांकडून मी एक गोष्ट घेतली: त्या पोथीत आवाज बदलला म्हणून कोणी घाबरत नाही.

नात व्हायोलिन शिकते. तिने बेद्रिख स्मेतानाची १८७६ची एक रचना मोबाइलवर ऐकवली. हा बोहेमियाचा संगीतकार १८७४ मध्ये बहिरा झाला. चार वाद्यांच्या त्या रचनेत शेवटी सगळं आनंदात चाललेलं असताना एकदम थांबतं आणि पहिल्या व्हायोलिनवर एकच उंच, लांब स्वर येतो. तो त्याच्या कानातला. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. नात म्हणाली, पत्रांत मात्र त्याने एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक तीक्ष्ण स्वरांचं लिहिलंय. म्हणजे त्याचाही आवाज एकच नव्हता. लोकांना ऐकवताना त्याने एक निवडला, आणि तो बरोबरच निवडला. सगळे ऐकवले असते तर ती नुसती तक्रार झाली असती.

आता मी काय करतो? रात्री पंखा चालू, थंडीत भिंतीकडे तोंड करून. उशाशी रेडिओ, सांगली आकाशवाणी नाहीतर दोन स्टेशनांच्या मधली खरखर, पण इतकी हळू की आतला आवाज तिच्यातून थोडा ऐकू यावा. बुडवून टाकायचा नाही, त्याला शेजारी द्यायचा. शांत खोलीत जाऊन आज कसा आहे ते तपासायचं नाही. शांततेत कोणाला काही ऐकू येत नाही, हाही एक गैरसमज. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकनांनी चांगल्या कानाच्या ऐंशी जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यांच्यातल्या ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं. नवा आवाज आला की अजूनही धस्स होतं. ते होऊ द्यायचं. लक्षणांतलं काही आहे का, एकदा पाहायचं, आणि हातातलं काम पुढे चालू. काही आवाज निघून गेले, काही किर्रर्रमध्ये मिसळले. शिट्टी आहे. कालपासून तिला एक हलकी थरथर आली आहे.

पुतण्याच्या शेडवर अधूनमधून जातो. एक सांगायला हवं, मागांच्या गोंगाटातून बाहेर आलं की माझी शिट्टी थोडा वेळ गप्प होते, आणि त्या सुखासाठी तिथे जाऊन बसावंसं वाटतं. बाईंनी ते तोडलंच. उरलेला कानही जाईल म्हणाल्या. म्हणून मी आता फोमचे बोळे घालून जातो.

तिथला नवा जॉबर विशीतला पोरगा आहे. त्याच्यासाठी मी बोळ्यांचं पाकीट नेलं. तो म्हणाला, "मामा, हे घातल्यावर मागाचं दुखणं कळायचं कसं?" मी काही न बोलता त्याच्या शेजारी उभा राहिलो. बोळ्यांनी सगळा आवाज खाली बसवला होता, पण दणके सुटे सुटे येत होते. पलीकडच्या रांगेत एक माग लंगडत होता. मी बोट केलं. तो पाना घेऊन गेला, पट्टा आवळून आला आणि माझ्या कानाजवळ तोंड आणून ओरडला, "तुमचा कान तयार झालाय हो मामा, माझा अजून व्हायचाय!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. पाकीट मात्र त्याने खिशात घातलं.