ठमीची लिफ्ट

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक पाटी आहे : ‘पाळीव प्राण्यांना सक्त मनाई. सर्व्हिस लिफ्ट वापरावी.’ ठमी जाऊन बरेच महिने झाले, पण ती पाटी दिसली की माझं डोकं अजून तापतं.

गोरेगावातली आमची जुनी बिल्डिंग तीन मजली. लिफ्ट नव्हतीच. ठमी अंगणातली कुत्री, म्हणजे सगळ्यांची. आमची नंतर झाली. तिला पोळ्या सगळ्यांनी घातल्या. ठमी हे नावसुद्धा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ठेवलेलं. मग रिडेव्हलपमेंट, बिल्डरच्या भाड्यावर काढलेले दिवस, आणि परत आलो ते नवव्या मजल्यावर. शेजारी तेच, गणपती तोच. फक्त आता कमिटी होती, एजीएम होती आणि काका सेक्रेटरी होते.

ठमी धडधाकट होती तोवर ही पाटी कुणाला टोचली नाही. ती जिन्यानं आमच्या आधी खाली पोचायची. असले नियम तरुण जनावराला कळतच नाहीत. ते नेमके म्हाताऱ्या, आजारी जनावराला गाठतात.

तिची मूत्रपिंडं गेली. हा आजार मुळात उशिराच कळतो, कारण त्यांचं तीन-चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्ताच्या तपासणीत फारसं काही दिसत नाही. क्रिएटिनिन साधारण दीडच्या आत हवं, तिचं सहाच्या वर गेलं होतं. अशा कुत्र्याच्या शरीरात पाणी टिकत नाही. ते भांडंच्या भांडं पितं आणि तेवढंच बाहेर टाकतं. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा खाली न्यायचं, रात्रीसुद्धा. त्यात तिचे मागचे पाय संधिवातानं आखडलेले.

घरात करायची नाही म्हणजे नाही. मी वर्तमानपत्रं पसरली, बाल्कनीत घमेल्यात माती ठेवली. ती दाराशी जाऊन थरथरत उभी राहायची आणि माझ्याकडे बघायची.

सर्व्हिस लिफ्ट रात्री दहानंतर कुलूपबंद. नंतर ती बिघडली, आणि पार्ट येईपर्यंत दिवसाही बंद. मग हे आणि मुलगा चादरीची झोळी करून तिला नऊ मजले उतरवायचे आणि परत चढवायचे. एका रात्री यांची पाठ धरली. दोन वाजले असतील. मी आणि मुलगा झोळी घेऊन निघालो. समोर लिफ्ट रिकामी, दार उघडं, आत दिवा. इंटरकॉमवरून वॉचमनला विचारलं. तो बिचारा म्हणाला, “मॅडम, कॅमेरा आहे. माझा पगार कापतात.” आम्ही जिन्यानं उतरलो. पाचव्या मजल्यावर तिला धरवलं नाही. चादर भिजली, पायऱ्यांवरून ओघळ गेला. तिनं कान पाडले आणि तोंड माझ्या कोपरात खुपसलं. कुत्र्याला लाज वाटत नाही म्हणणाऱ्यांनी तिला तेव्हा पाहायला हवं होतं. मी त्या पायऱ्या पुसल्या, फिनेल टाकलं. तरी सकाळी नोटीस आली : जिना अस्वच्छ केल्याबद्दल पाचशे रुपये दंड.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना आहेत. कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसे लावता येत नाहीत, बहुमतानं ठराव केला तरी कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. मी त्याची प्रिंट काढून काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, “वहिनी, माझ्या एकट्याचं असतं तर प्रश्नच नव्हता. पण ठराव झालाय. चौथ्या मजल्यावरच्या नातवाला दमा आहे.” दमा खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता तो नातू लिफ्टमध्ये नसतो. पाळी लावा, वेळा ठरवा, मी रोज लिफ्ट पुसून देते, असं सगळं सांगून झालं. उत्तर एकच : पुढच्या एजीएममध्ये बघू.

तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता. तोंडाला उग्र दर्प यायला लागला, उलट्या थांबेनात. कातडीखाली सलाईन द्यायला मी शिकले होते. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची. शेवटी तिनं श्रीखंडाचं बोटही चाटलं नाही, तेव्हा डॉक्टरांना घरी बोलावलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून दुसरं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे मिटत नाहीत, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरी म्हातारं कुत्रं आहे त्यांना मी सांगते : खाणं सुटलं की ओढाताण करू नका, सोडा त्याला. सांगते खरी; पण ते शेवटचे दिवस कुणी परत दिले, तर मी पुन्हा बाटली गजाला टांगीन.

खाली न्यायला निघालो तर लिफ्टपाशी काका उभे. त्यांनीच दार धरलं. “या, इथूनच न्या.” जिवंतपणी नाही मिळाली ती लिफ्ट तिला अशी मिळाली. काका आमच्याबरोबर मालाडलाही आले. प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी महापालिकेची दाहिनी तिथे २०२३मध्ये सुरू झाली, म्हणून तिला नेण्याची निदान सोय होती. तिथे काका ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं. मला त्यांचा राग येईना, आणि तो येत नाही याचाच मला अजून संताप होतो. एवढी माया होती तर त्या रात्रींपैकी एका रात्री ती लिफ्टपर्यंत का पोचली नाही? हे मी त्यांना विचारलेलं नाही. त्यांच्या घरचं हळदीकुंकू मात्र मी चुकवलं.

बाराव्या मजल्यावर एक लॅब्रेडॉर आहे, दोन वर्षांचा, उड्या मारत जिना उतरतो. त्याच्या मालकिणीला मी त्या सूचनांची प्रत दिली. ती म्हणाली, “आम्हाला काही त्रास नाही हो.” हे म्हणतात, आता आपलं कुत्रंच नाही, तर भांडायचं कशाला? मी पुढच्या एजीएमसाठी पाटी काढण्याचा ठराव लिहून दिला आहे. सही-शिक्क्याची पोचही घेतली आहे.