जुन्या मोटारीची पारख

मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीस शहादे तालुक्यातील सारंगखेडे येथे तापीकाठी यात्रा भरते व तेथील घोडेबाजारास दूरदूरच्या प्रांतांतून लोक येतात, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या बाजारात घोडा घ्यावयास आलेला जाणता मनुष्य पाहण्यासारखा असतो. विकणारा कंठावरील देवमण दाखवितो, मानेची ऐट दाखवितो, अंगावरून हात फिरवून कातडीची चकाकी दाखवितो. घेणारा हे सर्व मुकाट्याने ऐकून घेतो. मग खाली वाकून एकेक खूर उचलून पाहतो, ओठ वर सारून दात पाहतो आणि शेवटी जनावरास चालवून, पळवून आणावयास सांगतो. पाच वर्षांच्या सुमारास घोड्यास सारे पक्के दात येतात व पुढे ते झिजत जातात. विकणाऱ्याने वय काहीही सांगितले तरी दात आपली साक्ष बदलीत नाहीत.

हाच मनुष्य जुनी मोटार घ्यावयास निघाला म्हणजे मात्र आपले सारे शहाणपण घरी ठेवून जातो. रंग चकचकीत आहे, बैठकांवर नव्या खोळी आहेत, गाणी वाजविणारे यंत्र ठणठणीत आहे, एवढ्यावर तो मिरचीचे किंवा कापसाचे वर्षभराचे पैसे मोजून मोकळा होतो. शाळेच्या वार्षिकात मोटारीचे काय काम, असे कोणी विचारील. त्यांनी एकदा सकाळी शाळेच्या फाटकापाशी उभे राहावे. मुलांस सोडावयास येणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातच्या असतात, आणि त्यांत बसलेली मुले आपलीच असतात.

आमच्यापुरते बोलावयाचे तर, मोटार घेण्याची हौस आम्हांस कधीच नव्हती. आमच्या मातोश्री धडगावकडील आमच्या मूळ गावी राहतात व महिन्यातून एकदा त्यांस नंदुरबारास डॉक्टरांकडे आणावे लागते. वाटेत चांदशैलीचा घाट. भरलेल्या एस.टी.त उभ्याने येणे त्यांच्या गुडघ्यांस झेपेना, तेव्हा दोन वर्षांपूर्वी आम्ही जुनी मोटार पाहावयास लागलो. ज्या गाडीत म्हातारी आई बसावयाची आणि जी घाट उतरावयाची, ती कशी पाहून घ्यावी याचा विचार तेव्हा आम्हांस करावा लागला.

पहिली गोष्ट ही की, गाडी थंड असताना पाहावी. आम्ही पोहोचण्यापूर्वीच इंजिन चालू करून ठेवणारा विक्रेता आतिथ्य करीत नसून काही लपवीत असण्याचा संभव अधिक. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू होते की कण्हते, हे त्यावाचून कळत नाही. मागच्या नळीतून येणाऱ्या धुराकडेही तेव्हाच पाहावे. थंडीत क्षणभर दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. निळसर धूर निघाला तर इंजिनात ऑइल जळत आहे असे समजावे. पांढरा धूर थांबेचना, तर थंडाव्याचे पाणी आत शिरत असावे. ऑइलचे झाकण काढून आतल्या बाजूस दुधाळ फेस दिसला की पाण्याविषयीची शंका अधिक बळावते, आणि अशा गाडीपासून हात जोडून दूर व्हावे हे बरे.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या. पहिलीच्या घड्याळात 31,000 किलोमीटर दिसत होते. परंतु क्लचच्या पेडलवरील रबर झिजून गुळगुळीत झाले होते आणि सुकाणूचे चाक हातांनी घासून आरशासारखे चमकत होते. मोटारीचे दात ते हेच. घड्याळ मागे फिरविता येते, रबर मागे फिरत नाही. दुसरी गाडी पलीकडील राज्यातून आलेली होती. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत असल्याचे सर्वांस माहीत आहे. तेव्हा पलीकडच्या गाड्या इकडे येणे ओघानेच आले, आणि त्यात गैरही काही नाही. दलाल मोठा गोड बोलत होता. आम्ही मागच्या बैठकीचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला, तो वरचा वीतभर भाग स्वच्छ आणि खालचा मातकट. पायाखालची चटई उचलली, तर बैठकीच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आणि कोपऱ्यांत वाळलेला बारीक गाळ. गाडी कोठल्या तरी पुरात उभी राहिलेली होती. 2006 सालच्या ऑगस्टात तापीच्या पुराने सुरत शहर बुडाले तेव्हापासून आमच्याकडील जुने मिस्त्री पट्टा ओढून पाहिल्यावाचून गाडीविषयी बोलत नाहीत. बुडालेली गाडी धुऊन पुसून चालू करता येते. पण तिच्या विजेच्या तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा पुढे वर्षभर एकेक खोडी काढीत राहतो. दलालास आम्ही पट्टा दाखविला. त्याने आभाळाकडे पाहिले.

तिसरी गाडी आम्ही घेतली. तिचा रंग तिघींत सर्वांत वाईट होता. दारावर खरचटलेले होते, परंतु इंजिनावरच्या झाकणाचे बोल्ट कधी उघडलेले दिसत नव्हते आणि चारही टायर एकाच वर्षाचे होते. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते, ती विद्यार्थ्यांनी घरच्या गाडीवर शोधून पाहावी. ‘3521’ असे असल्यास तो टायर 2021 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते, आणि आमच्याकडील वैशाखातल्या तापलेल्या डांबरावर अशा टायरचा भरवसा धरता येत नाही.

पाहण्याच्या कामी ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा व त्याची मजुरी आनंदाने द्यावी. ती दोन-चारशे रुपयांची मजुरी वाचविण्यासाठी लाखांचा व्यवहार अंधारात करणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

आता कागदांविषयी. शेत घेताना सातबारा न पाहणारा शेतकरी आमच्या जिल्ह्यात सापडणार नाही. मोटारीचे आर.सी. बुक म्हणजे तिचा सातबाराच होय. सातबाऱ्यावर जसा बोजा चढलेला असतो, तसा आर.सी.वरही कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा असतो. तो उतरल्याची नोंद झाल्यावाचून पैसे देऊ नयेत. चासिसचा क्रमांक कागदावरचा व गाडीवरचा ताडून पाहावा. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते व पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. तेव्हा चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा तारखेतच असते. परराज्यातील गाडी असेल तर तेथील कार्यालयाचा ना हरकत दाखला हवा, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवावयाची तर येथील नवा क्रमांक घ्यावयास हवा. नंदुरबारचा तो ‘एम.एच. 39’.

विकणाऱ्यांसही आमचे दोन शब्द आहेत. कोऱ्या अर्जांवर सह्या करून, किल्ली देऊन मोकळे होण्याची वाईट चाल आपल्याकडे फार पडली आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत व घेणाऱ्याने 30 दिवसांत कार्यालयास कळवावयाचे असते. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने 14 दिवसांत अर्ज करावयाचा असतो. एक गाडी अशीच एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. नोंदवहीत नाव पहिल्याचेच राहिले. पुढे तिने अपघात केला, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदवहीतल्या त्या पहिल्या मालकावरच ठेवली. ज्याने ती गाडी वर्षानुवर्षे पाहिलीही नव्हती, त्या मनुष्याची स्थिती पालकांनी क्षणभर मनात आणावी.

असो. गाडी घरी आली म्हणजे तिच्या नित्याच्या तक्रारी सुरू होतात. येथील उन्हाळ्यात रेडिएटरची फार परीक्षा होते. त्यात बोअरचे पाणी ओतू नये. आपल्या माठावर जसा क्षारांचा पांढरा थर चढतो, तसाच तो बारीक नळ्यांत चढतो. कूलंट घालावे. काटा वर चढला तर गाडी उभी करावी आणि झाकणास हात लावू नये. झाकणामुळे आत दाब राहतो व त्या दाबाखाली पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उकळून अंगावर येते. बॅटरीचे म्हणाल तर ती उन्हाळ्याच्या तापाने खंगते आणि डिसेंबरातल्या थंड सकाळी मान टाकते, त्यामुळे दोष बिचाऱ्या थंडीस लागतो. इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलाने 2023 पूर्वीच्या गाड्यांचे रबर लवकर थकण्याची भीती असते. म्हणून तशा गाडीच्या इंधनाच्या नळ्या मिस्त्रीकडून वर्षातून एकदा पाहून घ्याव्यात.

उंदीर हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. उबदार इंजिनात शिरून ते तारा कुरतडतात. मिरचीची पूड शिंपडावी असे आम्हांस अनेकांनी सांगितले व आम्ही ती शिंपडलीही. परंतु जेथे मैलभर मिरच्यांच्या पथारी वाळत पडलेल्या असतात, त्या नंदुरबारच्या उंदरांस तिखटाचे भय ते काय? गाडी धान्याच्या कोठीपासून दूर उभी करावी व आठवड्यातून दोनदा झाकण उघडून उजेड दाखवावा, एवढाच उपाय आम्हांस लागू पडला.

आता ब्रेकविषयी, आणि येथे आम्ही वाचकांचा थोडा अधिक वेळ घेणार आहो.

गेल्या ज्येष्ठात मातोश्रींस घेऊन आम्ही चांदशैलीचा घाट तळोद्याकडे उतरत होतो. एका वळणापुढे जळल्या रबरासारखा उग्र वास आला. पुढे एक जुनी जीप डोंगराच्या बाजूच्या मातीत नाक खुपसून उभी होती व तिच्या चाकांतून धूर निघत होता. आत लग्नाहून परतणारे कुटुंब होते. पाच मुले, त्यांतले सर्वांत लहान आजीच्या मांडीवर. कोणास खरचटलेसुद्धा नव्हते. चालकाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. पेडल दाबले ते थेट तळाशी गेले, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. दुसऱ्या बाजूस दरी होती. डिझेल वाचावे म्हणून त्याने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती आणि वरपासून खालपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून तो उतरत आला होता.

झाले ते असे. विज्ञानाच्या पुस्तकात पास्कलचा नियम आहे: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखा पोहोचतो. पायाने दिलेला दाब ब्रेक ऑइल चारही चाकांपर्यंत नेते, कारण द्रव दाबला जात नाही. परंतु हे ऑइल हवेतला ओलावा शोषीत असते. दोन-तीन वर्षांत त्यात इतके पाणी मुरते की त्याचा उत्कलनबिंदू फार खाली येतो. सतत घासून ब्रेक तापले, ती उष्णता ऑइलपर्यंत गेली, ते उकळले व त्याची वाफ झाली. वाफ स्पंजासारखी दाबली जाते. पाय तळाशी जातो आणि चाकांस काहीच कळत नाही.

कोणी तरी पाण्याची कळशी घेऊन चाकांकडे निघाला, त्यास आम्ही अडविले; लाल होईतो तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडले तर त्यास तडा जाण्याचा संभव असतो. तासभर आम्ही सारे सावलीत बसलो. मातोश्रींनी आपल्या डब्यातल्या भाकरी मुलांस वाटल्या. चाके निवल्यावर पेडलास पुन्हा जोर आला. मग मुले व बायका आमच्या गाडीत आणि एका मालवाहू गाडीत बसवून, रिकामी जीप पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आवळाने, पावलापावलाने खाली आणली. ज्या गिअरने चढावयाचे त्याच गिअरने उतरावयाचे, हा घाटातला जुना नियम. न्यूट्रलने इंधन वाचते ही समजूतही आता खरी राहिलेली नाही. आजच्या इंजिनांत गिअर असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन आपोआप बंद होते, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यासाठी ते लागत राहते. इंजिन अजिबात बंद करून उतरणारा तर ब्रेकचा जोरही गमावतो व सुकाणूचाही.

दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावयास फार खर्च येत नाही. परंतु ते दिसत नाही, वाजत नाही, म्हणून जुन्या गाडीचा नवा मालक त्याची चौकशी करीत नाही, आणि विकणाराही तो विषय काढीत नाही.

पुढल्या आठवड्यात ते जीपवाले गृहस्थ आमचा पत्ता काढून शाळेत आले. त्यांची जीप आमच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने नळीतून काढलेले ऑइल काळ्या चहासारखे होते. त्यातले थोडे एका बाटलीत व नवे, मधासारखे पिवळसर, दुसऱ्या बाटलीत भरून आम्ही दोन्ही बाटल्या विज्ञानशाळेतील खिडकीजवळच्या कपाटात ठेवल्या आहेत. ज्या विद्यार्थ्यांस पाहावयाच्या असतील त्यांनी मधल्या सुटीत यावे, पालकसभेच्या दिवशी वडील मंडळींसही घेऊन यावे. झाकणे मात्र उघडू नयेत. ते ऑइल विषारी आहे आणि सांडले तर कपाटाचा रंगही खाते.