चिऊच्या मापाचा घोडा

प्रिय दादा,


फोटो मिळाला. घोडी देखणी आहे, वादच नाही. कानांची टोकं एकमेकांना टेकतायत, पंचकल्याणी आहे, गळ्यावर देवमणाचा शुभ भोवरा आहे आणि मालक ६४ इंच उंची सांगतोय. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात ती उभी राहिली की भोवती कडं पडणार. पण तू विचारलंस म्हणून स्पष्टच लिहिते : चिऊसाठी ही घोडी घेऊ नकोस.

बाजारात भाव ठरतो तो रंग, कान, भोवरे, चाल आणि उंची बघून. यातलं काहीच अकरा वर्षांच्या मुलीला घोडेस्वारी शिकवत नाही. देवमणामुळे कुणी पडता पडता वाचल्याचं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. मला खटकलं ते तू ओझरतं लिहिलेलं वाक्य, 'घोडी नुकतीच चार दाती झालीय.' म्हणजे जेमतेम चार वर्षांची. तिला अजून लगाम धड कळत नाही आणि चिऊला अजून लगाम धड धरता येत नाही. माथेरानला ती ऐटीत बसली होती खरी, पण दोर घोडेवाल्याच्या हातात होता.

नवशिकं मूल घोड्यावर नेमकं काय करतं, ते मी रोज रिंगणात उभी राहून बघते. घोडा दुडकीवर आला की मूल खोगिरावर आपटायला लागतं. आपटलं की तोल जातो, तोल गेला की हात लगामाला लोंबकळतात आणि टाचा पोटावर आदळतात. एकाच क्षणी तोंडात 'थांब' आणि बरगडीवर 'पळ'! कोवळं जनावर यानं भांबावतं, मान उडवतं, उधळतं. त्यात मारवाडी घोडी म्हणजे टाच नुसती हलली तरी उत्तर देणारी. मुरलेल्या स्वाराला हेच हवं असतं. याउलट आमच्याकडची एक म्हातारी घोडी बघ. मूल एका अंगाला कलंडायला लागलं की ती पाऊल आखडतं घेते, कधी चक्क उभी राहते आणि मूल सावरलं की पुढे चालू. कान तेवढा एक मागे वळलेला असतो. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, इतकी वर्षं मुलं पाठीवर वागवून ते आलंय. म्हणून मुलासाठी घोडा बघताना मी दहा वर्षांच्या आतला बघतच नाही. निरोगी असेल तर अठरा वर्षांचाही आनंदाने घेईन.

मात्र सोशिक आणि मठ्ठ यांत गल्लत करू नकोस. छडीशिवाय पाऊल न उचलणारा घोडा सुरक्षित वाटतो, पण त्याच्यावर मूल फक्त मारायला शिकतं. चुकीकडे काणाडोळा करणारा, पण बरोबर सांगितलं की लगेच ऐकणारा, असा घोडा हवा. तसा मिळणं कठीण, आणि ज्याच्याकडे असतो तो सहसा विकत नाही.

तुझे मित्र रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घोडा सुचवतायत. स्वस्तात मिळतो, खरं आहे. तो स्वस्त का असतो, हे त्यांना विचार. शर्यतीच्या घोड्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून एकच धडा मिळालेला असतो : जॉकीनं लगाम आवळून धरला आणि तो पुढे झुकला की त्या लगामावर जोर देऊन पळायचं. घाबरलेलं मूल पहिल्यांदा काय करतं? लगाम आवळतं आणि पुढे वाकतं. जाणत्या माणसानं बराच काळ खपून नव्यानं शिकवले तर यांतलेही काही उत्तम निघतात, पण ते काम चिऊचं नाही. वरातीचा घोडाही नको. ढोलताशाला तो बुजत नाही हे खरं, पण लगाम ताणला की नाचायचं, हेच त्याला ठाऊक.

आता उंची. ६४ इंच म्हणजे सोळा हात. त्यावर चिऊची टाच खोगिराच्या कातड्यापर्यंतच पोचेल, घोडीच्या अंगाला लागणारच नाही. मग ती पायानं काय सांगणार? तिच्या पायांना ५२ ते ५६ इंची जनावर पुरे. 'मीही अधूनमधून बसेन' असं तू लिहिलंयस, ते वाचून हसले. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये, असा साधा संकेत आहे. तू नव्वद किलोचा, खोगीर धरून शंभर. म्हणजे पाचशे किलोचा घोडा हवा. तुम्हा दोघांना एकच घोडा व्हायचा नाही.

आपल्याच मुलखात बघायचं तर मेंढपाळ धनगरांची तट्टं बघ. भांडी, कोंबड्या, कोकरं आणि वर एखादं पोर घेऊन ती हमरस्त्यानं ट्रकच्या शेजारून निवांत चालतात. उंचीही बेताची. फक्त त्यांना ओझं कळतं, स्वाराची टाच कळत नाही. आधी मोठ्या माणसानं काही महिने बसून त्यांना तयार करावं लागतं. भीमथडीची म्हणून ती आपल्याकडे नावाजलेली. देखणी नसतील, पण अंगानं काटक.

कुठलंही जनावर बघायला गेलास तर न कळवता, सकाळी लवकर जा. तबेल्यात पोचताच अंगावर हात ठेव. घाम किंवा ऊब लागली तर तू यायच्या आधीच पळवून दमवलेलं आहे, असं समज. तंग आवळताना चावायला वळतं का, खूर उचलू देतं का, चंदी समोर असताना माणसाला जवळ येऊ देतं का, ते बघ. आधी मालकाला बसायला सांग, मग जाणत्या माणसाला, सगळ्यात शेवटी चिऊला. इतर घोड्यांपासून लांब, एकट्याला नेऊन बघ. पसंत पडलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा आणि पशुवैद्याकडून रक्त तपासून घे. शांत दिसावं म्हणून औषध देणारे असतात. जत्रेच्या गर्दीत यातलं निम्मंही जमत नाही. दात तेवढे तिथेही बघता येतात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यापर्यंत उतरते.

शेतावर एकटाच घोडा ठेवायचा बेतही सोड. कळपातलं जनावर आहे ते, एकटं पडलं की खिंकाळून जीव काढतं. निदान एखादी शेळी तरी सोबत हवी. शिवाय दीड-दोन महिन्यांनी नालबंद लागतो, तो तुमच्याकडे कोण आहे, ते आधी बघ.

सारंगखेड्याला जा, घोडे डोळे भरून बघ, चिऊला दाखव, पण बयाणा देऊ नकोस. मे महिन्यात तिला माझ्याकडे पाठव. वेगवेगळ्या घोड्यांवर बसू दे, पडली तर पडू दे. वर्षभरानंतरही पहाटे उठून खरारा करायला तिचं मन घेत असेल, तर घोडा मी स्वतः शोधून देते. येताना तिला छोट्या टाचेचे, गुळगुळीत तळाचे बूट घे. खेळाचे बूट रिकिबीत अडकतात. हेल्मेट मात्र घेऊ नकोस, सायकलचं इथे चालत नाही. तिच्या मापाचं माझ्याकडे आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
बेबी