डोक्यावरचे ठिपके

रानपिंगळा हा जेमतेम वीतभर उंचीचा, केवळ मध्य आणि पश्चिम भारतातील पानगळीच्या जंगलांत राहणारा घुबडकुळातील पक्षी असून, 1873 मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि 1884 मध्ये खानदेशात डेव्हिडसन यांना मिळालेल्या नमुन्यानंतर तो शंभरहून अधिक वर्षे दिसेनासा झाला. मधल्या काळात, कर्नल मायनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो टिपल्याची नोंद प्रमाण मानली जात होती. परंतु पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नोंदीवर अविश्वास दाखवला, जुन्या अस्सल नमुन्यांच्या ठिकाणांकडे लक्ष वळवले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, हा पक्षी जिवंत सापडला. मांडवीचा नमुना डेव्हिडसन यांचाच चोरलेला व नव्याने पेंढा भरलेला असल्याचेही पुढे सिद्ध झाले. खोटी नोंद बाजूला सारल्यामुळेच खरा पक्षी हाती लागला, हे या शोधाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

2014 मध्ये तानसा अभयारण्यातही रानपिंगळा आढळला आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या पेणच्या, तसेच त्यापलीकडील रोह्याच्या पक्षिनिरीक्षकांना आशा बाळगण्यास आधार मिळाला. प्रस्तुत अनुभव ज्या निरीक्षकाचा आहे, त्याने दाट आणि दमट फणसाड अभयारण्य टाळून सागाचे उघडे उतार निवडले, कारण या पक्ष्याला विरळ जंगल मानवते व तो भरदिवसा निष्पर्ण फांदीवर बसून शिकार हेरतो. शेतांत वालाच्या शेंगा भरल्या होत्या आणि बांधावर आदल्या रात्रीच्या पोपटीची, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याच्या बेताची, राख व भांबुर्डीचा करपलेला पाला पडलेला होता. अशा एका सकाळी, उन्हे चढल्यावरही, एक छोटे घुबड सागाच्या फांदीवर पाठमोरे बसलेले त्याला दिसले.

त्या क्षणी मनाने निकाल आधीच दिला होता, असे निरीक्षकाने नंतर प्रांजळपणे मान्य केले. दिवसाउजेडीची वेळ, सागाचे झाड, मोठे वाटणारे डोके, सारेच अनुकूल होते. (पहाटे दारी येऊन पिंगळ्याची भाषा कळते असे सांगणारा पिंगळा जोशीही याहून अधिक खात्रीने बोलत नसेल.) तथापि अनुकूल परिस्थिती म्हणजे ओळख नव्हे. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो, पंख व शेपटीवर रुंद पट्टे असतात आणि पोटाचा मधला भाग शुभ्र असतो. जंगली पिंगळ्याच्या डोक्यावर बारीक आडव्या रेघांची दाटी असते. तर गावाशेजारच्या आंब्याच्या ढोलीत राहणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. म्हणून निरीक्षकाने छायाचित्र घाईने कोणाला पाठवले नाही आणि पक्ष्याने मान वळवेपर्यंत दुर्बिणीतून नजर हलवली नाही. मान वळली, ऊन माथ्यावर पडले आणि ठिपके स्पष्ट मोजता येतील इतके उमटले. पाठोपाठ ढोलीतून दुसरा पिंगळा बाहेर आला व दोघांचा परिचित कलकलाट सुरू झाला.

निराशा झाली, हे लपवण्याचे कारण नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच उतारावर जाण्याचा बेतही त्यामुळे मोडला नाही. त्या दिवसाच्या वहीत स्थळ, वेळ आणि झाड यांच्यापुढे एवढीच नोंद आहे: साधा पिंगळा, दोन.