कणा आणि हेतू

मराठीत ‘कणा’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. ताठपणा, स्वाभिमान, न वाकण्याचे सामर्थ्य हे सारे आपण त्या एका शब्दात भरले आहे. गोल्फच्या काठ्या जोडणाऱ्या कारागिरांच्या बोलीत मात्र ‘स्पाइन’, म्हणजे कणा, हे दांड्यातील एका उणिवेचे नाव आहे, हे कळले तेव्हा मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांचे कुतूहल चाळवले.

हा दांडा पूर्वी हिकरीच्या लाकडाचा असे. पोलादी दांड्याला अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ साली आणि सेंट अँड्र्यूजच्या ‘आर अँड ए’ने १९२९ साली मान्यता दिली. पुढे १९७०च्या दशकात ग्रॅफाइटचे दांडे आले. राळ लावलेले कार्बन तंतूंचे पातळ थर निमुळत्या गजाभोवती गुंडाळून व भट्टीत तापवून हा दांडा घडतो. थराची कड जिथे दुसऱ्या थरावर चढते, किंवा भिंतीची जाडी जिथे किंचित बदलते, तिथे तो एका दिशेने अधिक ताठ राहतो. डोळ्यांना एकसारखा दिसणारा दांडा सर्व बाजूंनी सारखा वाकत नाही, तो यामुळे.

काठ्यांची दुरुस्ती करणाऱ्या एका परिचित गृहस्थांनी आम्हांला हा कणा शोधून दाखवला. दांड्याचे जाड टोक शेगड्यात घट्ट आवळायचे, बारीक टोकाला वजन लावायचे आणि ते ओढून सोडायचे. दिशा चुकली तर टोक लंबवर्तुळात भरकटते. दांडा थोडाथोडा फिरवत गेले की कधीतरी ते सरळ रेषेत ये-जा करू लागते. तिथे खूण करायची. बेअरिंगमध्ये दांडा वाकवून फिरवण्याचेही एक साधन आहे. त्यात तो आपसूक एका जागी येऊन बसतो. पण दांडा मुळात किंचित वाकडा असला तरीही तो तसाच बसतो, म्हणून हे गृहस्थ केवळ त्या साधनावर विसंबत नाहीत. शेवटी ती खूण लक्ष्याच्या रेषेशी जुळवून काठीचे डोके चिकटवायचे. याने फटका कितपत सुधारतो, याविषयी जाणकारांत एकमत नाही.

आम्हांला अधिक विचारात पाडले ते खेळाच्या नियमाने. दांडा कसाही फिरवला तरी सारखाच वाकला पाहिजे, असे नियम सांगतो. मात्र तो जणू पूर्ण सममित असल्यासारखा वागावा, किंवा संचातील काठ्या एकसारख्या व्हाव्यात, यासाठी कणा जुळवण्यास मुभा आहे. भरकटणारे फटके ताळ्यावर यावेत म्हणून तो वळवणे हे मात्र नियमाच्या आशयाविरुद्ध ठरते. खूण तीच, गोंद तोच. वेगळा आहे तो हेतू, आणि तो दांड्यावर कुठेही उमटत नाही.

कर्त्याचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष नव्हे, हे विम्सट आणि बिअर्डस्ली यांचे १९४६चे प्रतिपादन आम्ही दरवर्षी वर्गात मांडतो. कृतीपुरते ते आम्हांस मान्यच आहे. पण दुसऱ्याच्या कृतीवर हात ठेवणाऱ्याचे काय?

सध्या एका विद्यार्थिनीच्या कवितांचे हस्तलिखित आमच्यापाशी आहे. तिच्या प्रमाण मराठीत मध्येच एखादे अहिराणी क्रियापद येते. ते राहावे, असे आमच्यापैकी एकाला वाटते. तिथे वाचक अडखळेल, असे दुसरीला. ओळ तिच्याच लयीत चालावी म्हणून शब्द हलवणे वेगळे आणि ती आमच्या आवडीकडे वळावी म्हणून हलवणे वेगळे. पेन्सिलीची खूण दोहोंची सारखीच दिसते, आणि आमच्याविषयीच्या आदरापोटी ती दोन्ही निमूट स्वीकारील. म्हणून प्रत्येक खुणेशेजारी कारण लिहायचे आणि कारण न सुचल्यास खूण करायची नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. एका क्रियापदावर अजून एकमत झालेले नाही. तूर्त ते तिने लिहिले तसेच आहे.