बाबासाहेबांचे इंग्रजी, आपली मराठी

१९५५ च्या बीबीसी मुलाखतीत बाबासाहेब सांगतात की, गांधींचे इंग्रजी आणि गुजराती लेखन शेजारी ठेवून वाचा, दोन वेगळे गांधी दिसतील. ही मुलाखत इंग्रजीत आहे. मग पुण्याच्या वस्तीतल्या पोरांनी ती कोणाच्या मराठीतून समजून घ्यायची?

आम्ही 'सबटायटल एडिट' घेऊन बसलो. मुक्त सॉफ्टवेअर, परवान्याचा खर्च नाही, चोरीची प्रत नको. एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर: क्रमांक, वेळ, ओळ. सगळ्या ओळी सारख्याच मागे पडत असतील तर एकदम सरकवता येतात. माहितीपटात फरक वाढतच गेला तर बहुधा फ्रेम रेटचा घोळ. २५ आणि २३.९७६ मध्ये तासाला अडीच मिनिटे जातात. जतन यूटीएफ-८ मध्येच करा, नाहीतर देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात.

खरा वाद शब्दांवर झाला. हाती आलेल्या एका तयार फाइलमध्ये 'अनटचेबल्स'चे चक्क 'हरिजन' केलेले. बाबासाहेबांच्या तोंडी हा शब्द! आम्ही 'अस्पृश्य' लिहिले. एका कार्यकर्त्याला 'दलित' हवे होते, रात्रभर भांडला. शिवाय ओळ दोन-तीन सेकंदांत वाचून व्हायला हवी, म्हणून छाटणी आली. आणि छाटताना पहिली जाते ती त्यांच्या बोलण्यातली धार. तिथे आम्ही शब्द ठेवले आणि ओळ पुढच्या शांततेपर्यंत ताणली.